ताईचं लंगडं घड्याळ

त्याला अख्खी गल्ली कानसेन म्हणायची. हे नाव कौतुकाने पडलं की टवाळीने, ते मात्र विचारू नका, गल्लीलाच आठवत नव्हतं. घड्याळं दुरुस्त करायचं त्याचं एवढंसं दुकान, चपलांचं दुकान आणि शेजारचा जिना यांच्यामधल्या बोळकांडीत कसंबसं बसवलेलं. गिऱ्हाइकाने घड्याळ आणलं की दुसरा कारागीर काय करेल? झाकण उघडेल, डोळ्याला भिंग लावेल. हा पठ्ठ्या आधी घड्याळाला कान लावायचा, तोही डोळे मिटून. गिऱ्हाईक बिचारं समोर ताटकळत उभं. मग एकदम डोळे उघडून, "तेल सुकलंय," नाहीतर "मधल्या चाकाचं भोक झिजलंय," असा निकाल द्यायचा आणि मगच पेचकस हातात घ्यायचा. बहुतेक वेळा तसंच निघायचं. नाही निघालं तर तो कुणाला सांगत नसे, एवढंच.

त्यातही लंबकाच्या, वजनावर चालणाऱ्या जुन्या घड्याळांवर त्याचा भारी जीव. मनगटावरची घड्याळं काय, पोटापुरती. भिंतीवरचं उंच पेटीतलं घड्याळ आलं की स्वारी खूश. समजायला किती सोपं, म्हणायचा. दोरीला टांगलेलं पितळेचं वजन सावकाश खाली येतं, त्याच्या ओढीने चाकं फिरतात, आणि लंबक एका झोक्याला चाकाचा एकच दाता सोडतो. टिक आणि टक यांच्यात सारखं अंतर असलं की घड्याळ सुखात. टिक लांब, टक आखूड झालं की समजायचं, गडी लंगडतोय. लंगडणारं घड्याळ आज ना उद्या खाली बसणारच. मग हा आत हात घालून लंबकाला ढकलणारी बारीक दांडी बोटाने किंचित वाकवायचा, ऐकायचा, पुन्हा एवढीशी वाकवायचा. चाल सारखी झाली की झालं काम. "पाणसळ आणि ओळंबा लावून टांगायला मी काय गवंडी आहे?" असं वर म्हणायचा. "आपल्याला देवाने कान दिलाय."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून तिचं घर. खाली दोन खोल्या, वर एक, आणि मागे कपडे वाळत घालायला जागा. तिने आणि भाऊजींनी पोटाला चिमटे काढून बांधलेलं. भाऊजी फार नीटनेटके होते, इतके की कुणाला त्याचा जाच व्हावा. चित्र वाकडं टांगलेलं दिसलं तर परक्याच्या घरातही उठून सरळ करायचे. त्यांनीच हे उंच घड्याळ बाहेरच्या खोलीत दाराच्या चौकटीशेजारी लावलं, आणि पुसताना हलू नये म्हणून वर-खाली स्क्रू मारून पेटी भिंतीला पक्की करून टाकली. भाऊजी गेले, मुलगा नोकरीपायी दूरच्या शहरात गेला, आणि त्या घरात ताई आणि ते घड्याळ, अशी दोघंच राहिली. मुलगा फोनवर दर खेपेला म्हणायचा, "आई, इकडे ये ना आता." ताई म्हणायची, "माझं घर आहे की मला." विषय संपला.

तर एक दिवस ताईचा निरोप आला की घड्याळ बंद पडलंय. हा गेला, कान लावला, लंबकाला हलकासा झोका दिला. लंगडत होतं. दांडी वाकवली, चाल सारखी झाली, चहा प्यायला आणि घरी आला. किरकोळ काम. बहिणीकडे जायला निमित्त झालं, ते वेगळंच.

थोड्याच दिवसांत परत निरोप. परत लंगडत होतं, तेही त्याच बाजूला. "तू पुसताना हलवतेस," हा ताईवर घसरला. "भिंतीला खिळलेलं घड्याळ मी कशी रे हलवीन? मला काय हत्तीचं बळ आहे?" ताईचंही बरोबर होतं. त्याने स्क्रू हलवून पाहिले. जागचे हलेनात. पुन्हा दांडी वाकवली.

मग हे चालूच राहिलं. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. त्याने तेल बदललं. लंबक ज्या पातळ पट्टीवर लोंबतो, ती पट्टी बदलली. दोरी नवी घातली. शेवटी यंत्र जागेवरच उघडून चाकांची भोकं तपासली, तर ठणठणीत! दर वेळी चाल जुळवून, स्वतःच्या कानाने खात्री करून तो घरी यायचा, आणि दर वेळी ताईचा निरोप मागोमाग यायचा. ती आता त्याला सांगायलाही कचरायला लागली होती. "घाई नाही हं," म्हणायची, "सवडीने ये." तो सूर त्याला जास्त लागायचा.

दुकानात बसल्या बसल्या त्याच्या मनात पाल चुकचुकली. घड्याळात काही नाही, स्क्रूत काही नाही, तर मग राहिलं काय? राहिला कान. आपल्याला सारखं ऐकू येतंय ते मुळात सारखं नसेलच तर? घरी बायको हल्ली एक गोष्ट दोनदा सांगायची. आधी त्याला वाटायचं, हिला बडबड करायची सवयच आहे. आता ती दुसऱ्यांदा बोलली की तो हातातलं काम थांबवायचा. एकदा तर ती तोंडावरच म्हणाली, "अहो, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत तुम्हाला, घड्याळाचं काय घेऊन बसलात!" तो हसला, पण त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ताईने बहुधा मुलाजवळ बोलता बोलता काहीतरी सांगितलं असावं. कारण भाच्याचा फोन आला. "मामा, राग मानू नका, पण एकदा कान तपासून घ्या ना. वयोमानाने होतं. आणि आईला मी नवीन सेलवालं घड्याळ घेऊन देतो, म्हणजे तुम्हालाही हेलपाटे नकोत." भाचा मनाचा चांगला होता हो, वाईट बोलला नाही. पण याला कुणी कानफटात मारावी तसं झालं. कान गेला म्हणजे दुकान गेलं. डोळ्यांनी काम करणारे दहा कारागीर बाजारात होते. याच्याकडे कान नसता तर याच्याकडे यायचं कशाला? आणि दुकान गेलं तर घरी बसून करायचं काय, बायकोला भाजी निवडायला मदत? त्याने मनाशी ठरवलं, ताईचं घड्याळ नीट चालवून दाखवायचं, नाहीतर पाटी उतरवायची. या कानाची लाज राखायची ती इथेच.

पुढच्या खेपेला गेला तर ताईकडे सुतार बसलेला. स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकत होतं म्हणून रंधा मारत होता. ताईच्या घराशेजारी पूर्वी मोकळी जागा होती. तिथे कुणीतरी मोठी इमारत उठवायची म्हणून खोल खड्डा खणला होता, मग पैशावरून की कशावरून काम थांबलं, आणि खड्डा तसाच पाण्याने भरून पडला होता. "त्या पाण्याची ओल," सुतार म्हणाला. "लाकूड फुगतं. मागेही एकदा तासून गेलोय." दार गुळगुळीत लागायला लागलं. सुतार तरबेज होता. इकडे आमच्या गड्याने दांडी अजून थोडी वाकवली. घड्याळही गुळगुळीत चालायला लागलं. दोघांनी मिळून चहा घेतला आणि हल्लीच्या दमट हवेला यथेच्छ शिव्या दिल्या.

तेही टिकलं नाहीच. तेव्हा मात्र त्याने कंबर कसली. पेटीसकट घड्याळ काढलं, हातगाडीवर घालून दुकानात आणलं, आणि आपल्या नेहमीच्या भिंतीवर टांगून लंबकाला झोका दिला. आणि काय सांगू, त्याचं धाबंच दणाणलं. घड्याळ फरफटत चालत होतं. टिक, मग दम खाऊन टक! आणि लंगडत होतं ते उलट्या बाजूला. आंधळ्यालाही कळावं असं लंगडणं, आणि हेच घड्याळ याने परवा ताईच्या घरी कानाने जुळवून सारखं केलं होतं. झालं, संपलं, असं त्याला वाटलं. चपलांच्या दुकानदाराला हाक मारून त्याने विचारलं, "जरा ऐका हो, तुम्हाला कसं ऐकू येतंय?" तो म्हणाला, "लंगडतंय की." म्हणजे इथे तरी कान बरोबर सांगत होता. मग तिथे काय झालं होतं?

त्याने दांडी सरळ केली. बरीच सरळ करावी लागली. आपण ती इतकी वाकवली होती यावर त्याचा विश्वास बसेना. घड्याळ मग असं चाललं, असं चाललं, की कितीतरी दिवस सेकंद चुकला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उगाच थांबवून ऐकवायचा. बायकोलाही एकदा मुद्दाम दुकानात बोलावलं. ती म्हणाली, "छान चाललंय हो," आणि त्याच्याकडे पाहून हसली. किती दिवसांनी त्या माणसाला पोटभर जेवण गेलं.

मोठ्या ऐटीत घड्याळ ताईकडे परत आलं. त्याच स्क्रूंवर, त्याच जागी चढलं. झोका दिला आणि ताईने चहा पुढे केला. चहा निम्मा झाला नाही तोवर घड्याळ थांबलं. लंबक आपला गप्प लोंबतोय. ताई कप उचलून आत गेली, तिला भावाचा चेहरा बघवेना म्हणून.

तो समोर खुर्ची ओढून नुसता बसला. हात टेकले होते त्याने. कान लावायला आता काही चालूच नव्हतं, म्हणून असेल, पण आयुष्यात पहिल्यांदा तो त्या घड्याळाकडे नुसता बघत राहिला. आणि बघता बघता त्याला दिसलं की पितळेचं वजन पेटीच्या मधोमध नाही. डावीकडे सरकून पेटीच्या फळीला जवळजवळ टेकलंय. फळीवर घासल्याचा पट्टाही आहे. हा पट्टा त्याने आधी पाहिला होता, दोरीला पीळ असेल म्हणून सोडून दिला होता. वजन तर सरळच लोंबणार, त्याला दुसरं येतंय काय? मग तिरकं कोण?

त्याने ते वजन काढलं. ताईकडून शिवणाचा जाड दोरा मागून घेतला, वजन त्याला बांधलं, आणि स्टुलावर चढून दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला धरलं. गवंडी भिंत जोखायला ओळंबा सोडतो, तसं. दोरा वर चौकटीला चिकटलेला. खाली, जमिनीजवळ, चौकट आणि वजन यांच्यात चार बोटं शिरली. भिंत, चौकट, घड्याळाची पेटी, सगळं एकमेकांशी अगदी सरळ. आणि सगळंच्या सगळं खड्ड्याकडे कललेलं.

स्टुलावरून उतरताना त्याने भिंतीला हात टेकला, आणि टेकलेला हात चटका बसल्यासारखा काढला. दांडी पहिल्यांदा वाकवली तो दिवस त्याला आठवला. मग दुसरी खेप, मग पुढच्या सगळ्या. दर खेपेला घर थोडं झुकत होतं, घड्याळ अडखळून सांगत होतं, आणि हा दर खेपेला मोठ्या कौशल्याने त्याचं तोंड दाबत होता. त्याच्या जागी एखादा अडाणी असता तर त्याला चाल जुळवताच आली नसती. घड्याळ बंदच राहिलं असतं. मग कुणीतरी कधीच विचारलं असतं की हे का होतंय.

"ताई," तो म्हणाला, "घर कललंय."

"काय?"

"घर. खड्ड्याच्या बाजूला बसतंय."

ताईने दोऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. "घड्याळ जमेना म्हणून आता माझ्या घराला नावं ठेवतोस होय?"

तिचा आवाज चिरका झाला होता. ती कधी असं बोलत नसे. त्याच्या मनात आलं, आत्ता एवढंच म्हणावं की बरोबर आहे गं, माझाच कान गेला. घड्याळ न्यावं, पाटी उतरवावी, आणि ताईला तिच्या घरात राहू द्यावं. तोंडापर्यंत आलं होतं. पण वरच्या खोलीत ती झोपायची. रात्री भिंत अंगावर आली तर? त्याने तिथूनच भाच्याला फोन लावला.

भाचा आला, बरोबर पालिकेच्या इंजिनिअर बाईंना घेऊन आला. बाई मृदू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं, मागच्या भिंतीचा रंग नखाने खरवडला, खाली बारीक भेग निघाली, तिचा माग बोटाने वरपर्यंत काढला. मग ताईला खुर्चीवर बसवून, स्वतः समोर बसून त्यांनी सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत घर रिकामं करा, आणि वर कुणी जाऊ नका.

"दुरुस्त नाही का होणार?" भाच्याने विचारलं.

"सुरुवातीला कळलं असतं तर झालं असतं. खड्डा भरून घेतला असता, टेकू लावले असते, पाया धरून ठेवता आला असता. आता खालची मातीच गेलीय. उतरवावं लागेल." बाई ताईकडे वळल्या. "हे हळूहळू झालंय. तुम्हाला काहीच दिसलं नाही का? दारं अडकणं वगैरे?"

कानसेन दाराशी उभा होता. त्याला बोलायचं होतं. मला दिसलं होतं, मी पुसून टाकलं, असं सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं. ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"नाही हो," ती बाईंना म्हणाली. "काहीच नाही दिसलं."

सामान काय, दिवसाउजेडी बांधून झालं. माणसाच्या आयुष्याचं सामान बांधायला फार वेळ लागतो असं वाटतं, तसं काही नसतं. मुलगा म्हणाला माझ्याकडे चल, तर ताई म्हणाली, "निदान ओळखीच्या गल्लीत तरी राहू दे मला." म्हणून ती भावाकडे आली. बाहेरच्या खोलीत तिची खाट पडली. कानसेनच्या बायकोने, तोंडाने फटकळ असली तरी, आपलं कपाट निम्मं रिकामं करून दिलं आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मग मजूर आले आणि घर उतरवलं. ताई बघायला गेली नाही. हा गेला. लांब, पानाच्या टपरीआड उभा राहून शेवटपर्यंत पाहत राहिला.

आणि गल्ली! गल्लीला काय, तोंडाला येईल ते. बातमी पसरली ती अशी, की कानसेनने म्हणे नुसता घड्याळाचा आवाज ऐकून ओळखलं घर पडणार ते. बहिणीचा जीव वाचवला गड्याने! चपलांचा दुकानदार तर आपण स्वतः तिथे हजर असल्यासारखा सांगायचा. माणसं दुकानात यायला लागली. कुठकुठली माळ्यावर पडलेली घड्याळं निघाली. "तो किस्सा सांगा ना," असं म्हणत स्टुलावर बसायची. याने खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, एकदा नव्हे, अनेकदा. "अहो, माझ्यामुळेच उशीर झाला," म्हणायचा. तर लोक म्हणायचे, "बघा, किती साधा माणूस!" आता यावर काय बोलणार, कपाळ? तो घड्याळ उघडून मान खाली घालायचा. आधी कान लावायचंही सोडून दिलं त्याने. गिऱ्हाइकं हिरमुसायची, मग लावल्यासारखं करायचा.

ताईचं घड्याळ त्याने गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सारलं होतं. तिला ते डोळ्यांसमोर नको असेल, असं त्याला वाटलं. तिनेच एक दिवस विचारलं, "ते टांगत का नाहीस? भिंत आहे की एवढी." त्याने टांगलं. चावी दिली, वजन वर आलं, लंबकाला झोका दिला. दांडीला हातही लावावा लागला नाही. टिक, टक, टिक, टक, अगदी एकसारखं. भाऊजींनी टांगलं तेव्हाही बहुधा असंच चाललं असेल.

दुपारची वेळ होती. बायको शेजारी गेली होती. ताई खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती आणि तो खाली जमिनीवर, हातातल्या फडक्याची घडी घालत, उलगडत. दोघं बराच वेळ ते ऐकत बसले.

"सारखं आहे ना रे?" ताईने विचारलं.

"सारखं आहे."

"मलासुद्धा कळतंय आता. तुझा कान काही गेला नव्हता. उगाच सगळे तुला म्हणत होतो." तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी त्याला मार बसला की ती अशीच जवळ येऊन बोलायची.

फडकं तोंडावर धरून तो म्हणाला, "गेला असता तर बरं झालं असतं गं, ताई."

असं बोलू नये, असं ती म्हणेल याची तो वाट पाहत होता. ताई घड्याळाकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "घर राहिलं असतं."